गाळलेल्याची वही

ट्रॉयचा वीर हेक्टर याच्या अंत्यसंस्कारावर होमरचं इलियड हे ग्रीक महाकाव्य संपलं आणि मी पानं मागं-पुढं करत बसले. लाकडी घोडा कुठं गेला? ट्रॉयचं युद्ध म्हटलं की शाळेपासून आपल्याला तेवढंच माहीत असतं. घोड्याच्या पोटात सैनिक लपले, रात्री बाहेर पडले, नगर जाळलं. इथं घोडा नाही, नगर शाबूत, हेक्टरला मारणारा ग्रीक वीर अकिलीससुद्धा जिवंत. संपादकांनी ऐन मोक्याचं गाळलं म्हणून मला खरोखर राग आला.

रागाला कारणही होतं. मी वाचत होते ते इलियड पूर्ण नव्हतंच. नॉर्टन या अमेरिकी प्रकाशनाच्या जागतिक साहित्याच्या संग्रहातलं होतं. २००२ ची दुसरी आवृत्ती, सहा खंड, आणि २४ सर्गांपैकी निवडकच सर्ग आत. मधल्या सर्गांचा चार-सहा ओळींत सारांश. त्यामुळे जे सापडत नाही ते गाळलं असणार, असंच मी धरून चालले होते.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते. घर सोलापूरच्या पूर्व भागात. आप्पांनी तीस वर्षं यंत्रमाग चालवला, आई विड्या वळायची. लहानपणी हिराचंद नेमचंद वाचनालयातून कथा-कादंबऱ्या आणून वाचल्या, पण बाहेरच्या जगातलं म्हणाल तर पाठ्यपुस्तकातल्या दोन-चार अनुवादित गोष्टी. होमर, दान्ते ही नावं कायम कुणाच्या तरी लेखात उल्लेख म्हणून यायची आणि मी ती ओलांडून पुढं जायची. चाळिशी उलटल्यावर ते सलायला लागलं. सगळी पुस्तकं वेगवेगळी घ्यायला पैसा नाही, आणि कुठून सुरू करायचं हेही सांगणारं कुणी नाही. म्हणून संग्रह. जुनी पुस्तकं विकणाऱ्याकडून मागवला. त्यानं दुसऱ्या खंडाऐवजी दोनदा तिसराच पाठवला. त्यात तीन महिने गेले.

खंडांचा कागद इतका पातळ की पंखा लावला की पानं आपोआप उलटायची, आणि एप्रिल-मे मध्ये सोलापुरात पंख्याशिवाय बसायची सोय नाही. मग आप्पांचा जुना धोटा, मागावर आडवा धागा इकडून तिकडं नेणारा, पानावर आडवा ठेवायला लागले. लाकडी, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं, हाताच्या घामानं गुळगुळीत झालेला. अजूनही तोच ठेवते.

घोड्याच्या प्रकरणानंतर मी एक वही केली. हिशेबाची सवय, त्यामुळे मधोमध रेघ. डाव्या बाजूला जे वाचलं ते, उजव्या बाजूला जे गाळलंय ते. इलियडसमोर न दिलेल्या सर्गांचे आकडे लिहिले आणि खाली ‘घोडा’ असं लिहून भोवती गोल केला. ओळखीच्या एका प्राध्यापकांकडून पूर्ण इलियड आणलं. दीड महिना लागला. घोडा त्यातही नाही! होमरनं तो तिथं सांगितलेलाच नाही. काव्य सुरू होतं अकिलीसच्या रागापासून आणि थांबतं हेक्टरच्या चितेपाशी. घोडा मला भेटला तो होमरच्याच ओडिसीत, तोही आठवण म्हणून, आणि मग सविस्तर भेटला रोमन कवी व्हर्जिलच्या इनीडमध्ये, दुसऱ्या सर्गात. म्हणजे ज्या खंडावर मी रागावले होते त्याच खंडात, काही शे पानं पुढं.

गोल खोडला आणि बाजूला पान क्रमांक लिहिला. पण त्या दीड महिन्यानं मला जे दिलं ते वेगळंच होतं. शेवटच्या सर्गात हेक्टरचा म्हातारा बाप प्रायम रात्री अकिलीसच्या तळावर जातो आणि ज्या हातांनी आपला मुलगा मारला त्याच हातांचं चुंबन घेऊन त्याचं प्रेत मागतो. संग्रहात हे वाचलं तेव्हा मी हलले होते. पूर्ण वाचून तिथं पोचले तेव्हा मात्र पुढं वाचवेना. मधल्या सर्गांत माणसं मरतात, एकामागून एक, प्रत्येकाचं नाव, बापाचं नाव, गाव. ते सगळं अंगावरून गेलेलं असतं, मग हा एक बाप येतो. संक्षेपात तो एकटा होता. पूर्ण काव्यात त्याच्या मागं किती बाप उभे आहेत ते दिसतं.

आपल्याकडे याला जुना शब्द आहे, वेचे. परशुरामपंत तात्या गोडबोल्यांचं ‘नवनीत’ १८५४ चं, मराठी कवितांचे वेचे. इंग्रजीतला अँथॉलॉजी हा शब्द ग्रीकांच्या ‘फुलं गोळा करणं’ यावरून आलाय, पण मला आपला शब्द जास्त खरा वाटतो, कारण आपण कापूसही वेचतो. आणि कापूस एका फेरीत वेचून होत नाही. पहिल्या वेचणीला जी बोंडं मिटलेली असतात ती दुसऱ्या-तिसऱ्या वेचणीला उमलतात. माझी डावी बाजू ही पहिली वेचणी.

ओडिसीत मात्र गाळलेलं काही नव्हतं, ती संग्रहात पूर्ण आहे. नायक ओडिसियसची बायको पेनेलोपी, तिच्यापाशी आले त्या रात्री मी वाचता वाचताच आप्पांना सांगायला गेले. नवरा वीस वर्षं परतलेला नाही, घरात मागणी घालणाऱ्यांची गर्दी, आणि ती म्हणते, सासऱ्यांसाठी कफन विणून झालं की लग्न करीन. दिवसा विणते, रात्री मशाली लावून उसवते. असं तीन वर्षं.

आप्पा बाजेवर उठून बसले.

“माग कसला?”

ग्रीकांचा माग उभा असायचा, वरच्या आडव्या दांड्याला ताणा, म्हणजे उभे धागे, बांधलेले आणि खाली धाग्यांना मातीची वजनं लटकवलेली, एवढं मी वाचलं होतं. ते सांगितलं.

“मग वरून खाली विणत असणार. अन् उसवताना बाण्याचा एकेक आडवा धागा मागं काढायचा. विणण्यापेक्षा अवघड काम ते.” थोडा वेळ थांबून म्हणाले, “पण तेच सूत तीन वर्षं नाही टिकायचं. उसवलं की पिसतं. नवं सूत लागत असणार तिला. सुताच्या कांड्या कोण भरून देत होतं? घरातल्या बाईमाणसाला ठाऊक असणारच की.”

मी त्यांना पुढचं सांगितलंच नव्हतं. पेनेलोपीचं बिंग फुटतं ते तिच्याच एका दासीमुळे. होमर सांगतो, त्या दासीला सगळं ठाऊक होतं. माझ्या बापानं ते सुतावरून ओळखलं. त्या रात्री उजव्या बाजूला मी पहिल्यांदाच न गाळलेली गोष्ट लिहिली: ‘कांड्या कोण भरत होतं?’

दुसऱ्या खंडात मी अडकले. चीनच्या कविता, कुराणातला भाग, दान्ते, सगळं क्रमानं वाचायचा हट्ट धरला होता. सात महिने पान हललं नाही. शेवटी क्रम सोडला. एकोणिसाव्या शतकाच्या खंडात उडी मारली आणि टॉलस्टॉयची इव्हान इलिचच्या मरणाची गोष्ट सलग दोन रात्रींत वाचली. तीही पूर्ण आहे तिथं. मग मागं येऊन दान्ते वाचला. ज्यांना संग्रह वाचायचाय त्यांना मी हेच सांगते की पहिल्या पानापासून सुरू करू नका. लेखकाची ओळख करून देणारी टिपणंही मी आता नंतर वाचते. आधी वाचली की काय आवडायला हवं ते अगोदरच ठरून जातं.

उजवी बाजू भरायला लागली तशी दुसरी शंका यायला लागली. या सहा खंडांतूनच काय गळलंय? या संग्रहाची पहिली आवृत्ती १९५६ ची. तेव्हा ‘जागतिक’ म्हणजे पाश्चात्त्यच होतं. आपण, चीन, जपान, आफ्रिका यांना खरी जागा मिळाली ती १९९५ च्या विस्तारित आवृत्तीत. ३९ वर्षं. हे वाचून मला वाईट वाटलं, आणि लगेच स्वतःला विचारलं, मी तरी काय वाचलंय आपलं? हाल या सातवाहन राजाची गाथासप्तशती माझ्या उशाला नव्हती. ती तर वेच्यांचंच पुस्तक, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातशे गाथांचं. मी ग्रीसला जाऊन आले होते आणि गोदावरी ओलांडली नव्हती. स. आ. जोगळेकरांनी केलेलं तिचं मराठी संपादन मिळवलं आणि खंड तीन महिने बाजूला ठेवले.

त्यातली एक गाथा मला पाठ झालीय. कापसाच्या शेताच्या पहिल्या नांगरटीचा मुहूर्त आहे, बाई नांगराची पूजा करतेय, आणि मनात भरलेल्या ओढीनं तिचे हात थरथरतात. उद्या कापूस वाढला की ते शेत तिच्या भेटीची जागा होणार आहे. दोन ओळींत एवढं सगळं. दिवसभर सुताच्या बिलांवर सही करताना मला ते हात आठवतात.

डॉन किहोटे या स्पॅनिश कादंबरीसाठी उजव्या बाजूचं अर्धं पान गेलं. पवनचक्क्यांवरचा हल्ला सगळ्यांना ठाऊक, पण तो पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणातच उरकतो. १६०५ चा पहिला भाग ५२ प्रकरणांचा, १६१५ चा दुसरा ७४ प्रकरणांचा. दुसऱ्या भागात त्याला भेटणाऱ्या माणसांनी पहिला भाग वाचलेला असतो! आणि शेवटी अंथरुणावर तो शहाणा होतो, आपलं खरं नाव सांगतो, तर त्याचा सेवक सँचो रडत म्हणतो, मरू नका, उठा, पुन्हा बाहेर पडू. फक्त पवनचक्क्या वाचून थांबले असते तर हा माणूस मला वेडाच वाटत राहिला असता.

वही सुरू करून चार वर्षं झाली. डावीकडे पाच खंड पुरे, सहावा निम्मा. उजवीकडच्या ४१ नोंदींपैकी नऊ खोडल्यात. सध्या जपानची गेंजीची कथा आणलीय. मुरासाकी शिकिबूनं हजार वर्षांपूर्वी लिहिलेली, ५४ प्रकरणं, संग्रहात त्यातली थोडीच होती. काल रात्री अकरावं संपलं. आप्पांना रोज जेवताना पुढचं सांगावं लागतं. काल त्यांनी विचारलं, त्या राजवाड्यातल्या बायकांची ती एकावर एक घातलेली रेशमी वस्त्रं विणत होतं कोण? वहीत लिहून ठेवलंय.