पुंगली पूल आणि आमची शाळा

दिवाळी उरकली, उसाच्या टोळ्या आल्या, की आमच्या गावात माजी सैनिक मंडळाची मीटिंग लागते. विषय ठरलेला असतो, ११ डिसेंबर. बाहेरच्या माणसाला ही तारीख चटकन लागत नाही. विजय दिवस १६ डिसेंबरचा, तो सगळ्यांना माहीत. पण सातारा जिल्ह्यातल्या आमच्यासारख्या गावात, जिथं दोन घरं सोडून तिसऱ्या घरात फौजेची पेन्शन येते, तिथं अकरा तारखेचा मान वेगळा आहे. १९७१ च्या युद्धात त्या दिवशी २ पॅरा ही छत्रीधारी पलटण पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, टांगाइलजवळ विमानांतून छत्र्यांनी उतरली. आणि २ पॅरा म्हणजे मूळची ३ मराठा, मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण. नाव बदललं, डोक्यावर मरून टोपी आली, तरी पलटण मराठ्यांचीच राहिली.

कार्यक्रम शाळेच्या मैदानावर होतो. मी तिथं शिकले आणि आता तिथंच शिकवते, त्यामुळे तो मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे. झेंडावंदन, हार, सरपंचांचं भाषण हे सगळीकडे असतं तसंच. आम्ही मुलं वाट बघायचो ती त्यानंतरची, सुभेदार आबा फळ्याकडे जाण्याची.

आबा २ पॅराचे. खडू हातात घेतला की आधी वर ब्रह्मपुत्रा काढायचे, डावीकडे जमुना, खाली एक मोठा गोल म्हणजे ढाका. जमालपूर आणि मैमनसिंग वरच्या अंगाला. तिथून पाकिस्तानची ९३ ब्रिगेड माघार घेत ढाक्याकडे निघालेली. ती धडपणी पोचली असती तर ढाक्याचा बंदोबस्त आणखी वाढला असता. तिची वाट टांगाइलवरून, आणि टांगाइलच्या अलीकडे लोहाजंग नदीवर पुंगलीचा पूल. आबा त्या पुलावर दोन आडव्या रेघा मारून म्हणायचे, "हितं दार लावायचं हुतं, बाळांनो. बास. एवढंच काम." पुढं मी इतिहास शिकवायला लागले, लढायांची कारणं आणि परिणाम मुलांकडून पाठ करून घेतले, पण एखाद्या लढाईचा हेतू इतक्या थोड्यात सांगायला मला अजून जमलेलं नाही.

मग यायची गच्चीवरची उडी. पाचवीच्या मुलांनी प्लॅस्टिकच्या पिशव्यांच्या छत्र्या केलेल्या असायच्या, खाली खडा बांधलेला. आबा एका छत्रीच्या शेंड्याला कच्चा दोरा बांधत, त्याला पुढं जाड सुतळी जोडत आणि सुतळीचं दुसरं टोक गच्चीच्या कठड्याला. "ही स्टॅटिक लाइन. कठडा म्हणजे विमानातली तार. जवानानं उडी मारली की सुतळी ताणती, छत्री बाहेर वडती, आन कच्चा दोरा तुटतो. मग तू आन तुजी छत्री." खडा सोडला की दोरा तट्‌कन तुटायचा, छत्री फुलायची आणि सगळं मैदान ओरडायचं. आग्र्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकलेलं सगळं त्यांनी आम्हाला त्या एका दोऱ्यावर समजावलं. पाय जुळवून, गुडघे किंचित वाकवून, अंग एका कुशीवर सोडून जमिनीवर कसं पडायचं तेही ते वाळूच्या ढिगावर मुलांकडून करून घेत. साठी उलटल्यावरही स्वतः करून दाखवत, आणि आमच्या मुख्याध्यापकांचा जीव टांगणीला लागे.

उडीचा दिवस मात्र एकट्या आबांच्या तोंडून कधीच पुरा झाला नाही. सातशेच्या आसपास माणसं, विमानं तऱ्हेतऱ्हेची: डाकोटा, पॅकेट, एएन-१२, कॅरिबू. कुणी कलाईकुंड्याहून उडालं, कुणी दमदमहून. उतरले ते मोठ्या पट्ट्यात विखरून. ज्यानं त्यानं आपापला तुकडाच पाहिलेला. म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात माइक एकाकडून दुसऱ्याकडे जायचा आणि गोष्ट जुळत जायची. एक जण भाताच्या शेतात गुडघाभर चिखलात उतरलेले. दुसरे सांगायचे, सामानाची पेटी तळ्यात पडली तेव्हा गावातली पोरंच आधी पाण्यात शिरली. 'जॉय बांगला' म्हणत माणसं धावत आली, दारूगोळ्याच्या पेट्या डोक्यावर घेऊन पुलाकडे निघाली. त्या मुलखात कादर सिद्दीकींची मुक्तिवाहिनी, म्हणजे बांगलादेशासाठी लढणारी तिथली माणसं, होती, आणि कॅप्टन पी. के. घोष आधीच आत जाऊन त्यांच्याशी संधान बांधून बसले होते. लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू हे पलटणीचे सीओ, म्हणजे प्रमुख. त्यांचं नाव निघालं की बसलेली म्हातारी माणसं आपोआप ताठ होत. पुढं त्यांना महावीर चक्र मिळालं. अंधार पडल्यावर पूल हातात आला, आणि मग रात्रभर माघारी येणाऱ्या शत्रूनं त्यावर धडका मारल्या. त्या रात्रीबद्दल कुणीच फार बोलायचं नाही. आबा तेवढ्यात फळा पुसायला घेत.

आमच्या गावचं खरं भाग्य असं की शेजारच्या वाडीचे दादा होते जंगी पलटणीचे, म्हणजे १ मराठा लाइट इन्फंट्रीचे. त्यांची गोष्ट जमालपूरची. जमालपूरला वेढा घातलेल्या आपल्या फौजेचे ब्रिगेडियर क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी फौजेला शरण येण्याचं पत्र पाठवलं, आणि पाकिस्तानी कर्नलनं उत्तराच्या चिठ्ठीबरोबर बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. दहा डिसेंबरच्या रात्री ती फौज वेढा फोडायला निघाली ती थेट जंगी पलटणीच्या अंगावर. दादा तिथं खंदकात होते. जमालपूर पडलं आणि पलटण दक्षिणेला निघाली. बारा डिसेंबरच्या संध्याकाळी पुंगलीला जंगी पलटण आणि २ पॅरा एकमेकींना भेटल्या. एक मराठा पलटण आभाळातून आलेली, दुसरी जमिनीवरून लढत आलेली. आबा म्हणायचे, "आमी पूल धरून बसलो, म्हणून हे सुखानं आले." दादा म्हणायचे, "आमी आलो म्हणून तुमची सुटका झाली." दरवर्षी हेच, याच शब्दांत, आणि सगळं मैदान टाळ्या वाजवायचं. दोघं तिथं समोरासमोर आले तेव्हा आधी गावाकडं पाऊस कसा झाला ते विचारलं, असं दोघंही सांगत. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे.

फोटोची गोष्ट मुलांना फार आवडते. आभाळ छत्र्यांनी भरलेला एक फोटो तेव्हा परदेशी वर्तमानपत्रात छापून आला. तो होता आधीच्या सरावातला, अख्ख्या ब्रिगेडच्या उड्यांचा. पाच हजार जवान उतरले अशी बातमी पसरली आणि ढाक्यात धास्ती बसली. मी मुलांना तो फोटो दाखवते आणि विचारते, यात आपले आबा दिसतात का? मुलं फार बारकाईनं शोधतात. मग सांगते की यात ते नाहीत, ते खरोखरीच्या उडीत होते.

एका वर्षी मात्र कार्यक्रमाची सगळी घडीच बदलली. तोवर बायका मागच्या सतरंजीवर बसत आणि चहा-लाडवांचं बघत. त्या वर्षी एका काकूंनी माइक मागून घेतला. त्यांचे यजमान पॅराचे, तेव्हा हयात नव्हते. काकू म्हणाल्या, "रेडिओवर सांगितलं, छत्रीधारी सैन्य उतरवलं. मला दुसरा महिना. सासूबाईंनी रेडिओ बंद केला आणि तुळशीला पाणी घातलं. नंतर सोळा तारखेला युद्ध संपलं म्हणाले, गावात साखर वाटली. मी साखर घेतली नाही. मला कार्ड पाहिजे होतं." मग फौजी टपालानं आलेलं ते कार्ड त्यांनी पदराआडून काढलं. घड्यांवर विरलेलं, शाई निळी पसरलेली. आत एवढंच: मी खुशाल आहे, ढाक्यात आहे, आईला सांग. ढाक्यात पहिल्यांदा शिरणाऱ्यांत २ पॅरा होती, मिरपूरच्या पुलावरून, हे आम्ही इतकी वर्षं फळ्यावर शिकलो होतो. ते एका घरात कसं पोचलं हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून दरवर्षी निम्मा वेळ घरच्यांचा असतो, आणि मला विचाराल तर तोच निम्मा भाग जास्त मोलाचा आहे.

आता पुंगलीला होते ते फार थोडे उरले. आबा खुर्चीतून उठत नाहीत, पण कच्चा दोरा त्यांच्याच हातानं बांधायचा हा नियम आहे. नववीची मुलं प्रत्येकाच्या घरी जाऊन मोबाइलवर बोलणं उतरवून घेतात. कुणाकुणाच्या घरी तीनदा जावं लागतं, कारण पहिल्या दोन वेळा आजोबा फक्त उसाच्या दराबद्दल बोलतात.

यंदा कार्यक्रम सकाळी नाही, दुपारी चारला ठेवला आहे, कारण उडी त्याच सुमाराची. अकरा तारखेचं जेवण पॅराच्या घरांकडे आणि बाराचं जंगी पलटणीकडे, ही आमची जुनी वाटणी. दादा गेल्या पावसाळ्यात गेले. बाराचा शिधा त्यांच्या सूनबाईंनी देऊ केला आहे, आणि भाकऱ्या थापायला आबांच्या घरच्या बायका वाडीवर जाणार आहेत.