चोरांच्या गुहेतली म्हातारी

कालपासून मन थाऱ्यावर नाही. झालं म्हणाल तर काहीच नाही. वाचनवर्गात आपुलेयसच्या 'सोनेरी गाढवा'चा, म्हणजे दुसऱ्या शतकातल्या लॅटिन कादंबरीचा, सहावा खंड चालला होता. माझी पाळी आली, मी काही ओळी वाचल्या, अर्थ सांगितला. सर म्हणाले, "छान, पुढे." शेजारचा मुलगा पुढचं वाचायला लागला.

पण त्या ओळींत एक म्हातारी झाडाला लटकत होती.

जादूने गाढव झालेला लुकियस, कादंबरी सांगणारा तोच, आणि पळवून आणलेली मुलगी खारिते, दोघं चोरांच्या गुहेतून निसटतात. ती त्याच्या पाठीवर. चोर त्यांना वाटेतच गाठतात आणि परत घेऊन येतात. आवाराशी पोचतात तर उंच सायप्रसच्या फांदीला चोरांचं रांधणारी म्हातारी, गळ्यात फास. चोर तिला खाली काढतात, तिच्याच दोरीने बांधून खाली भिरकावून देतात, मुलीला साखळदंड घालतात आणि जनावरासारखे जेवणावर तुटून पडतात. ते जेवण कुणी केलं होतं? तिनेच. मरायच्या आधी रांधून, सगळं तयार ठेवून मग ती झाडाकडे गेली. एवढं सगळं दीड-दोन वाक्यांत. लगेच मुलीला आणि गाढवाला काय शिक्षा द्यायची याची चर्चा सुरू.

फास घ्यायचा हे ठरलेलं असताना एखादी बाई चूल पेटवते, मांस शिजलं का ते बघते, हे मला काही केल्या पचत नाही. की ठरलेलं नव्हतंच? मुलगी पळाली, आता मालक आपल्याला सोडणार नाहीत, या भीतीत हात सवयीने काम करत राहिले आणि काम संपल्यावर मग भीतीच उरली? आपुलेयस सांगत नाही.

चौथ्या खंडात ती पहिल्यांदा येते तेव्हा वयाने पार वाकलेली आहे आणि त्या सगळ्या दांडग्या पोरांचं खाणंपिणं तिच्या एकटीच्या जिवावर चाललेलं आहे. ते येतात ते शिव्या घालतच. चितेवरचं उरलेलं मढं, यमालासुद्धा नकोशी, असलं काय काय. ती कापऱ्या आवाजात सांगते की मांस शिजलंय, भाकरी भरपूर आहे, पेल्यांत दारू ओतून ठेवलीय, अंघोळीचं पाणी तापलंय. या बाईला नाव नाही. आणि अख्ख्या कादंबरीतली सर्वांत सुंदर गोष्ट तिच्या तोंडी आहे. खारिते रडून रडून आकांत करते तेव्हा आधी ती तिला जिवंत जाळायची धमकी देते. मग मुलीचं वाईट स्वप्न ऐकते, एक निःश्वास सोडते आणि म्हणते, थांब, म्हाताऱ्या बायकांच्या गोष्टी सांगून तुझं मन जरा दुसरीकडे वळवते. आणि सुरू करते: एका नगरात एक राजा आणि एक राणी होती.

आटपाट नगरच की. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. श्रावणातल्या शुक्रवारी माई... नको, माईंचं आज लिहायला घेतलं तर बाकीचं राहूनच जाईल.

ती गोष्ट म्हणजे प्रेमाचा देव क्युपिड आणि राजकन्या सायकी यांची. चौथ्या खंडाच्या शेवटापासून पाचवा अख्खा व्यापून सहाव्याच्याही बऱ्याच पुढपर्यंत जाते. रोमच्या फार्नेसिना वाड्यात राफाएलच्या हाताखालच्या चित्रकारांनी 1518 च्या सुमारास छतभर रंगवली ती हीच. कानोवाने संगमरवरात घडवलेली सायकी पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे, तिच्यापुढे माणसं थांबतात, फोटो काढतात. त्यांतल्या कुणाला गुहेतली ती म्हातारी आठवत असेल का?

लुकियसलाच नाही आठवत, तर इतरांचं काय! तो गाढवाच्या रूपात शेजारी उभा राहून सगळी गोष्ट ऐकतो. संपल्यावर हळहळतो. कशासाठी, तर एवढी छान गोष्ट टिपून घ्यायला आपल्याकडे पाटी आणि लेखणी नाही म्हणून. आणि सांगणारीबद्दल काय म्हणतो? वेडसर, दारू प्यालेली. पुढे थोड्याच वेळात तो दोर तोडून पळू लागतो. ती म्हातारी वय विसरून त्याचा दोर धरते, तर हा तिला लाथ घालतो. ती पडते, तरी दोर सोडत नाही, फरफटत जाते. गोष्ट हवी, गोष्ट सांगणारी नको.

काल फळ्यावर सरांनी निवेदनाची आकृती काढली होती. चौकटीत चौकट. बाहेरच्या चौकटीत लुकियस, मधल्या चौकटीत म्हातारी, आतल्या चौकटीत सायकी. दुय्यम निवेदक, अंतर्गत श्रोता, सगळं बरोबर लिहिलेलं. ही पद्धत मला आवडते. तिच्याचसाठी तर इथवर आले. कोण सांगतं, कोण पाहतं, कुणाला किती माहीत आहे, हे इतकं नेमकं पकडता येतं याचं मला अजून अप्रूप आहे. पण काल त्या मधल्या चौकटीकडे बघताना वाटलं, बाई गेली आणि चौकट राहिली. हात वर करून एवढंच म्हणायचं होतं की जरा थांबू या. नाही म्हटलं. या मुलांचं लॅटिन शाळेपासूनचं आहे, मी संस्कृतातून इकडे आलेली. माझा प्रश्न भाबडा वाटेल, वाङ्मयाचा अभ्यास सोडून ही रडतेय असं वाटेल, असं मनात आलं आणि गप्प बसले.

रात्री खूप रडू आलं. कुणासाठी शिकतेय मी हे? घरी विचारतात की गाढवाच्या गोष्टीवर एम.ए. करून पुढे काय, आणि मला आजवर धड उत्तर देता आलेलं नाही. इथे ज्या गोष्टीने माझा जीव कासावीस होतो, तिच्यावर थांबायला कुणाला वेळ नाही. दादाच्या मेसेजलाही उत्तर दिलं नाही. तेही राहू दे.

सकाळी ग्रंथालयात गेले आणि कपाटातून ग्रीक लेखक ल्युशियनचा हिरवा लोएब काढला. लोएब म्हणजे मूळ आणि भाषांतर समोरासमोर छापणारी माला, ग्रीक हिरव्या, लॅटिन लाल. त्यात 'ओनोस' आहे, म्हणजे नुसतंच 'गाढव'. हीच गोष्ट, ग्रीकमधली, बरीच आटोपशीर. ल्युशियनच्या नावावर चालते, पण ती त्याची असण्याबद्दल शंका आहे. या दोन्हींच्या मागे एक मोठी ग्रीक कथा होती. नवव्या शतकात फोटियस या बायझंटाइन विद्वानाने ती वाचल्याचं लिहून ठेवलंय, नंतर ती हरवली. मला एकच बघायचं होतं, ग्रीकमध्ये म्हातारीचं काय होतं?

ग्रीकमध्येही ती मरते. झाडाला नाही, कड्यावरून दोरीला लटकलेली सापडते. कारण तिथे सरळ दिलंय: मुलगी पळाली, मालकांच्या भीतीने तिने गळफास घेतला. चोर तिच्या शहाणपणाचं चक्क कौतुक करतात, तिला तशीच दोरीसकट कड्याखाली सोडतात, मुलीला आत बांधून घालतात, मग जेवतात आणि पीत बसतात.

जेवतात. जेवण कुणी केलं, त्याचा उल्लेखही नाही.

आणि सायकीची गोष्ट? तीही नाही. ग्रीक 'ओनोस'मधली म्हातारी नुसती रांधणारी आहे, ती काहीच सांगत नाही. मी दोन्ही पुस्तकं, लाल आणि हिरवं, शेजारी शेजारी उघडून बसले आणि पुन्हा पुन्हा ताडून बघितलं. मूळ मोठ्या कथेत काय होतं ते आता कळायला मार्ग नाही. पण जे दोन हातांत आहेत त्यांत फरक हा आहे: आपुलेयसच्या म्हातारीच्या वाट्याला गोष्ट आलीय, आणि तिने मागे ठेवलेलं जेवण आलंय. मरणाचं कारण गेलंय, चोरांचं कौतुक गेलंय. त्या जागी 'अभागी म्हातारी' असं म्हटलंय आणि तिने मेहनतीने करून ठेवलेल्या त्या शेवटच्या स्वयंपाकाकडे बोट दाखवलंय.

म्हणजे कुणीतरी थांबलं होतं तिथे. अठराशे वर्षांपूर्वी, आफ्रिकेतल्या मदाउरोसचा एक माणूस, आपुलेयस, थांबला होता. हे लक्षात आलं तेव्हा इतकं हलकं वाटलं की काय सांगू.

लगेच शंकाही आली. आपुलेयसला शब्दांशी खेळायची भारी हौस. मेल्यानंतरची कर्तव्यतत्परता, असं काहीतरी त्या वाक्यात आहे आणि ते वाचून तेव्हाचे श्रोते हसले असणार. फरफटत जाणाऱ्या म्हातारीला तो ग्रीक पुराणकथेतल्या दिर्केची उपमा देतो. ती बैलाला बांधलेली, ही गाढवाला लोंबणारी. तिथे तर उघडउघड हसू आहे. मग जेवणाच्या जागीही हसूच असेल आणि कळवळा माझ्या पदरचा असेल? दुपारभर हेच घोळवत बसले. आता मला वाटतं की दोन्ही आहे. हसता हसता त्याची नजर त्या भांड्यांवर गेली आणि ती त्याने काढून घेतली नाही.

यावरून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांची आठवण झाली. गावोगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी जमवल्या, एक लाखाहून जास्त. आणि ओवीबरोबर गाणारीचं नाव लिहिलं, तिचं गाव लिहिलं. लुकियसला पाटी-लेखणी मिळती तर त्याने हे केलं असतं का? मला नाही वाटत. तरी त्या म्हातारीचं काही ना काही आपल्यापर्यंत पोचलंच, आणि पोचलं तेही किती बारीक धाग्यावरून! सालुस्तियस नावाच्या कुणी 395 मध्ये रोमला आणि 397 मध्ये कॉन्स्टँटिनोपलला या पुस्तकाचा पाठ तपासल्याची नोंद आहे. पुढे अकराव्या शतकात मोंते कासिनोच्या मठात एक नक्कल झाली, ती आज फ्लॉरेन्सला आहे आणि बाकीच्या सगळ्या हस्तलिखितांचं मूळ तिच्यातच. ती लिहिणाऱ्याने हे वाक्य अक्षर अक्षर करून उतरवलं असेल. त्याचा हात क्षणभर तरी अडखळला असेल.

आणि आता संध्याकाळी जे सुचलं ते लिहून ठेवते, कारण प्रबंधाचं दुसरं प्रकरण बहुतेक याच्यावरच उभं राहील. गुहेतली ती गोष्ट ऐकणारे उरले किती? म्हातारी गेली. खारितेची सुटका झाली, लग्न झालं, पण नवऱ्याचा खून झाला आणि आठव्या खंडात सूड घेऊन तीही त्याच्या थडग्यापाशी तलवार खुपसून घेते. चोरांना गावकऱ्यांनी सातव्यातच संपवलं, काहींना दरीत लोटून, काहींना तलवारीने. उरला एकटा लुकियस. त्याने लाथ मारली हे सांगणारं दुसरं कुणीही जिवंत नाही. गाळून टाकलं असतं तर आपल्याला कधीच कळलं नसतं. त्याने ते गाळलं नाही. लाथ सांगितली, दोर न सोडणारे तिचे हात सांगितले, स्वयंपाक सांगितला. तिला वेडसर म्हणणाराही तोच. हे त्याच्या तोंडून कसं काय येतं, पश्चात्ताप म्हणून की नुसतं आठवतंय म्हणून, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही, पण प्रश्न माझा आहे आणि तो भाबडा नाही.

सरांना मेल केला. गुरुवारी या, बोलू, असं त्यांचं लगेच उत्तर आलं. तोवर सहाव्या खंडावरचं ग्रोनिंगनच्या अभ्यासकांचं भाष्य वाचायला हवं, ते कुणीतरी नेलंय, मागणी नोंदवून आले. आता दादाला उत्तर लिहिते.