घरी विचारून सांगतो

"पाव किलो गवार टाकू का? कोवळी आहे," भाजीवाल्या मावशी विचारतात.

"घरी विचारून सांगतो," मी म्हणतो. मावशी मान डोलावतात आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात.

हे वाक्य मी तेरा वर्षं वापरतोय. विम्याच्या एजंटाला, सोसायटीच्या कोजागिरीची वर्गणी मागायला आलेल्यांना, ऑफिसच्या सहलीची यादी करणाऱ्याला. जुन्या पितळी डब्यासारखं वाक्य आहे. पोचे पडलेत, पण गळत नाही. 'घरी' म्हणजे कोण, असं आजवर कोणी विचारलेलं नाही. मराठी माणूस बाकी पगारसुद्धा विचारतो, पण 'घरी' म्हटलं की आदराने थांबतो.

ही युक्ती माझी नाही. मराठी बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्याचं नाव न घेता संसार केले. 'अहो', 'हे', 'इकडून', 'बंडूचे बाबा'. पुरुषही मागे नव्हते. 'आमच्या घरातून येणार आहेत', 'मंडळी माहेरी गेलीत'. एका बाईबद्दल बोलताना 'मंडळी' म्हणायचं आणि ऐकणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. मी त्याच परंपरेतला. फक्त माझ्या 'घरातून'ला मिशी आहे.

आमची भाषा या बाबतीत फार चोख, हीच खरी पंचाईत. इंग्रजीत 'पार्टनर' म्हणून वेळ मारून नेता येते, क्रियापद काही चुगली करत नाही. मराठीत वाक्य संपायच्या आत पितळ उघडं. 'काल जेवायला बाहेर गेलो होतो, तर...' पुढे म्हणाला की म्हणाली? मधला रस्ता म्हणजे आदरार्थी बहुवचन. 'घरी म्हणाले, पंखा बदलू या.' 'घरी झोपले होते.' हे मी एका ऑफिसात दोन वर्षं बिनबोभाट चालवलं. मग एक दिवस शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी काळजीने विचारलं, "बाबांचं वय काय हो आता?" माझा जोडीदार तेव्हा एकेचाळीसचा होता.

बाकीचे शब्दही तपासून झालेत. 'मित्र' दोनदा चालतो, तिसऱ्यांदा समोरच्याची भुवई वर जाते. 'रूममेट' पंचविशीत शोभतं. शेहेचाळिसाव्या वर्षी, पांढऱ्या कल्ल्यांनिशी आणि दोघांच्या नावावर गृहकर्ज असताना नाही. 'समलिंगी' हा शब्द मला कायम समद्विभुज त्रिकोणाचा चुलतभाऊ वाटत आलाय. बरोबर आहे, शास्त्रशुद्ध आहे, पण जेवायला बोलवावासा वाटत नाही. 'गे' त्यातल्या त्यात बरा. तोंडात मावतो.

पण दमायला होतं ते शब्दांनी नाही, दुरुस्त्यांनी. रविवारी दोघांनी मिळून कपाट हलवलं, मागे झुरळांचं अख्खं गाव निघालं. ही सांगण्यासारखी गोष्ट. सोमवारी ती सांगताना 'आम्ही'चं 'मी' करावं लागतं. मग समोरच्याला प्रश्न पडतो, हा किडमिडीत माणूस एकट्याने गोदरेजचं कपाट हलवतो? पुढची पाच मिनिटं माझ्या कंबरेची चौकशी होते. झुरळं राहतात बाजूला.

म्हणून आमची भिशी.

२०१३च्या ११ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली उच्च न्यायालयाचा २००९चा निकाल फिरवला आणि १८६०च्या दंडविधानातलं, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम पुन्हा आमच्या उरावर बसलं. चार वर्षं गुन्हेगार नव्हतो, बुधवारी सकाळी पुन्हा झालो. त्यानंतर महिन्याभराने आमच्यातल्या दातांच्या डॉक्टरने सुचवलं, दर महिन्याला भेटत जाऊ या. सात पुरुष दार लावून बसतात म्हटल्यावर शेजाऱ्यांना काय सांगायचं? डॉक्टर म्हणाला, भिशी. आणि खरंच, भिशीचा संशय कोणालाही येत नाही. दरमहा प्रत्येकी दोन हजार, स्टीलच्या वाटीत चिठ्ठ्या, ज्याला लागली त्याचं नाव पुढच्या फेरीपर्यंत बाद. हिशेब बँकवाल्याकडे. तो लाल कापडी पाठीची वही वापरतो आणि पाच रुपये कमी पडले तरी मान वर करून बघतो.

बाहेरच्या माणसाला वाटत असावं की आम्ही जमलो की आमच्याबद्दलच बोलत असू. डॉक्टरच्या ओळखीचा एक पोरगा, विशीतला, पहिल्यांदा आला तेव्हा अडीच तास कोपऱ्यात वाट बघत बसला. त्या दिवशी विषय होता, तूरडाळीला शिट्ट्या किती. डॉक्टर म्हणतो चार. कोल्हापूरकर म्हणतो शिट्ट्या मोजणं हे डाळ न भिजवणाऱ्यांचं लक्षण. माझ्या घरातून म्हणाले (बघा, सवय), पहिली शिट्टी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून सात मिनिटं. पोरगा निघताना म्हणाला, "तुम्ही नेहमी हेच बोलता?" त्याला वाटलं होतं, लढा वगैरे असेल. मला त्याचं वाईट वाटलं. पण पुढच्या महिन्यात तो आला, आणि त्याने हिंग केव्हा घालायचं यावर तोंड उघडलं.

आमच्यात एकमत कशावरच नाही, हेही त्याला नवीन होतं. पुण्यात २०११पासून प्राइडची, म्हणजे आमच्यासारख्यांची, मिरवणूक निघते. बँकवाला दर वर्षी इस्त्रीचा कुर्ता घालून जातो, कोल्हापूरकर म्हणतो चालून पाय दुखतात आणि शेवटी जेवण नसतं. लग्नाच्या हक्कावर तर उभा दावा. कोल्हापूरकराचं म्हणणं, सासरच्यांच्या मानपानापासून वाचलेली एवढीच एक जमात शिल्लक आहे, तिला कशाला अडकवता? बँकवाला यावर खरंच चिडतो. भिशीत राजकारण काढायचं नाही असा ठराव आहे. तो साधारण चहा होईपर्यंत टिकतो.

६ सप्टेंबर २०१८, गुरुवार. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ३७७चा आमच्यापुरता निकाल लावला. ऑफिसात मी स्वच्छतागृहात जाऊन बातमी वाचली, तोंड धुतलं, परत जागेवर येऊन बसलो. रविवारी भिशी होती. बँकवाल्याने पेढे आणले, डॉक्टरने सगळ्यांना मिठ्या मारल्या, आमचे मास्तर, निवृत्त गणिताचे शिक्षक, बराच वेळ गॅलरीत उभे राहिले. हे सगळं मिळून पाऊण तास. गणपती चार दिवसांवर होते. पाऊण तासाने कोणीतरी विचारलं, "उकडीला यंदा आंबेमोहोर का बासमती?" आणि त्यानंतरचे दोन तास आम्ही फक्त तेच बोललो. मास्तर मूळचे कोकणातले, त्यांना बासमतीची पिठी म्हणजे पाखंड. बँकवाला अर्धं दूध अर्धं पाणी घेतो, रंग पांढराशुभ्र येतो म्हणे. मास्तरांच्या मते एक वाटी पिठीला एक वाटी पाणी, चमचाभर लोणी, चवीला मीठ, आणि वाफ आल्यावर झाकण उघडून बघणाऱ्याचे हात बांधून ठेवावेत. प्रात्यक्षिकही झालं. कळ्या काढण्यात डॉक्टरचा हात कोणी धरत नाही. दिवसभर दुसऱ्यांच्या दाढांत काम करणारी बोटं. एकवीस कळ्या, सगळ्या सारख्या, टोक बरोबर मध्यावर. कोल्हापूरकराने तो मोदक हातात घेऊन फिरवून पाहिला आणि म्हणाला, "ह्याला रूट कॅनाल केलंय का सारण भरलंय?"

त्या रात्री मास्तर मला म्हणाले, "आमच्या वेळी एकमेकांना सापडणं हेच मोठं काम होतं रे. सापडल्यावर बोलायचं काय, ते सुचायचंच नाही." १९९०मध्ये अशोक राव कवींनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे आमच्यासारख्यांचं नियतकालिक काढलं तेव्हा मास्तर पस्तिशीचे होते. त्यांच्याकडे त्याचा एक अंक अजून आहे, लॉगॅरिदमच्या जुन्या कोष्टकांमध्ये ठेवलेला. तिथे कोण हात घालणार?

लपवण्यावरून आठवलं, बँकवाल्याची मावशी. बँकवाला आणि त्याचा जोडीदार त्यांच्या सोसायटीत मावसभाऊ आहेत. भाडेकरूंच्या वहीत 'नाते' असा रकाना होता, मागे रांग होती, सुचलं ते लिहिलं. मग समोरच्या काकूंनी विचारलं, कोणती मावशी? म्हणून कराडला एक मावशी निर्माण करावी लागली. तिला मधुमेह झाला. दिवाळीला दोघं गोव्याला गेले तेव्हा ते तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेले होते. काकूंनी तिच्यासाठी लिंबाचं बिनसाखरेचं लोणचं दिलं, ते भिशीत आम्ही खाल्लं. चांगलं होतं, जरा कडवट. एकदा डॉक्टरने सुचवलं, म्हातारी फार झाली, मोकळी करा. यावर दीड तास गंभीर चर्चा झाली. मास्तरांनी विरोध केला: काकू भेटायला येणार, तोंडं उतरलेली दाखवावी लागणार, शिवाय दिवाळीत फराळ खाता येणार नाही. ठराव मावशीच्या बाजूने झाला. सध्या ती चौऱ्याऐंशीची आहे, तब्येत उत्तम.

२०२३च्या १७ ऑक्टोबरला लग्नाच्या हक्काला न्यायालयाने नकार दिला. तेव्हा नवरात्र होतं. त्या रविवारी अष्टमी, बँकवाल्याचा उपास, आणि तो एरवीपेक्षा गप्प होता. कोल्हापूरकराने लग्नावरचं त्याचं नेहमीचं भाषण काढलं नाही. उलट उठून त्याच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली. साबुदाणा चार तासच भिजवलेला, गोळा झाला. "याला खिचडी म्हणतात?" बँकवाल्याने विचारलं, आणि सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढच्या वर्षी २८ ऑगस्टला केंद्राच्या अर्थ खात्याने सूचना काढली: आमच्यासारख्यांना संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी नेमायला कोणतीही आडकाठी नाही. रेशनकार्डासाठीही एका घरात राहणाऱ्या जोडीला एकच कुटुंब धरा, असं राज्यांना कळवलं गेलं. बँकवाल्याने तो कागद छापून आणला आणि भिशीच्या वहीवर ठेवून मोठ्याने वाचला, खालच्या सहीसकट. कोल्हापूरकर म्हणाला, "म्हणजे आता मावशीला काढून टाकायला हरकत नाही." मास्तर बावीस वर्षं ज्यांच्याबरोबर राहिले, त्यांच्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'नाते'पुढे त्यांनी 'शेजारी' लिहिलं होतं. मास्तरांनी कागद मागून घेतला, घडी घालून खिशात ठेवला, आणि चहात साखर कमी आहे म्हणाले.

त्यांच्याच घरी परवा आमच्या तेरा वर्षांनिमित्त उखाण्याचा आग्रह झाला. आमच्या घरातून लाजतील असं वाटलं होतं. ते उभे राहिले आणि खणखणीत म्हणाले:

वरणाला शिट्ट्या चार, भाताला दोन,
अमुकराव घरी असूनही उचलत नाहीत फोन.

टाळ्या पडल्या. चार शिट्ट्या कबूल केल्याबद्दल डॉक्टरच्या जास्त.

आता पडवळाचं सांगतो. गेल्या शनिवारी मला ताप होता, भाजीला तो गेला. तो त्या भाजीवाल्या मावशींकडे याआधी कधी गेलेला नव्हता. त्याची वेळ जुळत नाही. मावशींनी पडवळ पुढे केलं. हा म्हणाला, "घरी विचारून सांगतो." (त्यालाही हेच वाक्य सापडलंय हे मला त्या दिवशी कळलं.) मावशींनी त्याच्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं. निळी कापडी पिशवी, एक बंद शिवलेला, दर आठवड्याला मी नेतो तीच. म्हणाल्या, "विचारायचं काय त्यात? त्यांना चालतंय की. दर शनिवारी नेतात." आणि अर्धा किलो पिशवीत टाकलं. वर कोथिंबीर फुकट.

तो घरी येऊन हे सांगत होता तेव्हा मी पांघरुणातून डोकं बाहेर काढलं. "पण ते मी तुझ्यासाठी आणतो. मला कुठे आवडतं?"

"मला?" तो म्हणाला. "मी तू आणतोस म्हणून खातो."

भिशीत हे सांगितलं तेव्हा डॉक्टर हसून हसून भिंतीला टेकला. बँकवाल्याने दर आठवड्याला अर्धा किलो याप्रमाणे तेरा वर्षांचा हिशेब करायला घेतला. त्याला विचारलं, मावशींना कधीपासून माहीत असेल? त्याने पेन्सिल थांबवली, पण उत्तर कोल्हापूरकराने दिलं: पडवळात हरभऱ्याची डाळ घातलीत तर हा प्रश्न पडणार नाही. त्यावरून डाळ का दाण्याचं कूट, हे निघालं. मास्तर इतका वेळ काही बोलले नव्हते. सगळ्यांचा आवाज जरा खाली आल्यावर त्यांनी मला विचारलं, "बिया टाकून नाही ना दिल्यास? चटणी होते त्यांची."