हिंसक आहे का? हो / नाही

गेल्या पावसाळ्यात धाकट्या भावाला रुग्णालयात भरती करताना फॉर्मवरच्या एका चौकोनाने आमचे चार तास खाल्ले. अजून आठवलं की डोकं भणभणतं.

त्याला स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि संशयाचा मानसिक आजार आहे, अकरा वर्षं झाली. औषधं चालू असली की आमच्या सुदामानगरात त्याच्यासारखा गरीब स्वभावाचा माणूस नाही, रविवारी पोहे-जिलबी आणायला आधी तोच निघतो. जूनमध्ये त्याने गुपचूप गोळ्या सोडल्या. मग खालचे भाडेकरू टाकीत काहीतरी मिसळतात, हे सुरू झालं. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. चौथ्या दिवशी पान्याने पाण्याची मोटर फोडली आणि आडव्या आलेल्या आईला ढकललं. तिचं मनगट मुरगळलं.

मामा आला, त्याला गाडीत बसवलं. ते सोपंच गेलं म्हणायचं.

एका मोठ्या खासगी रुग्णालयाचा काउंटर. फॉर्मवर छापलेलं, 'पेशंट हिंसक आहे का? हो / नाही.' मी सांगायला लागले, "सकाळी आईला ढकललं, पण एरवी तो..." "मॅडम, हाँ या ना?" मी 'हो'वर खूण केली. बाबूने फॉर्म तसाच परत सरकवला. वायलंट केस अशी घेत नाही, पोलीस थाण्याचं पत्र आणि जजची ऑर्डर आणा.

मामा थाण्यात गेला. टीआय साहेब, म्हणजे थाण्याचे प्रमुख, माणूस बरा. म्हणाले, आईंना रिपोर्ट लिहायचा असेल तर आत्ता लिहून घेतो; पण पेशंट तुमच्याजवळ, दवाखान्यात बसलेला, मी पत्र कशाचं देऊ? आई फोनवर रडायलाच लागली, पोटच्या पोरावर रिपोर्ट लिहू?

मी दुसरा फॉर्म मागून 'नाही'वर खूण केली. तर म्हणे, मग भरती कशाला? सोमवारी ओपीडीत दाखवा.

हे चाललं होतं तेव्हा भाऊ बाकावर पाय पोटाशी घेऊन बसला होता, बाहेर हॉर्न वाजला की दचकत होता. त्या हॉलमध्ये सगळ्यात घाबरलेला माणूस तोच होता. त्याच्यासाठी चौकोन नव्हता.

शेवटी मैत्रिणीच्या वकील वहिनीने फोनवर उलगडा केला. मॅजिस्ट्रेटच्या आदेशाची पद्धत १९८७च्या जुन्या कायद्यातली. आता २०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा आहे. त्याच्या कलम ८९ प्रमाणे घरच्या प्रतिनिधीचा अर्ज आणि दोघांची स्वतंत्र तपासणी, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य क्षेत्रातला किंवा साधा डॉक्टर, एवढ्यावर ३० दिवसांपर्यंत भरती होते. नुकतीच कुणाला मारहाण केली असेल किंवा कुणाला त्याची भीती वाटत असेल, तर ते भरतीचं कारण धरलं जातं. म्हणजे ज्या 'हो'मुळे आम्हाला परत पाठवत होते, तोच 'हो' कायद्यात भरतीसाठी लिहिलाय! मी काउंटरवर हे बोलले तेव्हा माझा आवाज चढला होता. चढवू नका, उपयोग होत नाही.

दुसऱ्या रुग्णालयात तासाभरात काम झालं. तिथल्या डॉक्टरबाईंनी 'हिंसक का?' असं विचारलंच नाही. पूर्वी कधी हात उचलला होता? दारू, गांजा? गोळ्या कधीपासून बंद? संशय नेमका कुणावर? कानात ऐकू येणारे आवाज काही करायला सांगतात का? असे बहुतेक पेशंट कधीच कुणाला मारत नाहीत, उलट मार खातात, असं त्या म्हणाल्या. धोका वाढतो तो औषध सुटलं, नशा जोडीला आली, कुणीतरी आपल्या जिवावर उठलंय असं वाटायला लागलं की. आणि त्याची झळ बहुधा घरच्यांनाच लागते. आईचं मनगट बघून हे पटलं.

हो, जुनी प्रिस्क्रिप्शनं मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, आमची फाइल घरीच राहिली होती. गोळ्या कधी सोडल्या ती तारीख लिहून ठेवा. रात्री काही सुचेना झालं तर १४४१६ला फोन करा, टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन फुकट आहे. अगदीच हाताबाहेर गेलं तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर तातडीचे उपचार सुरू करू शकतो, ७२ तासांपर्यंत. ही गोष्ट मला आधी कळती तर मोटर वाचली असती. घरातली पाने-पक्कड आता माझ्या कपाटात.

भाऊ घरी आलाय, महिन्याला इंजेक्शन घेतो. बरा असताना प्रतिनिधी नेमून ठेवता येतो, साध्या कागदावर सहीने. दिवाळीत त्याने माझं नाव लिहिलं, आणि खाली, मी न सांगता, "त्या पहिल्या दवाखान्यात नेऊ नये."