४४ मिनिटे ४१ सेकंद

रविवार, रात्री उशिरा

सप्टेंबर २०१८ मधला आर्मी (अमेरिकी लष्करी अकादमीचा संघ) विरुद्ध ओक्लाहोमा विद्यापीठ हा अमेरिकन कॉलेज फुटबॉलचा सामना आज पुन्हा पाहिला आणि या वेळी चेंडूपेक्षा घड्याळाकडेच अधिक लक्ष ठेवले. ओक्लाहोमाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू आपल्या संघाकडे असताना मैदानात उतरून चाली चालवणारा खेळाडू, होता कायलर मरी, ज्याला त्याच हंगामात कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूची हाइजमन ट्रॉफी मिळाली. पण ६० मिनिटांच्या खेळात चेंडू ४४ मिनिटे ४१ सेकंद आर्मीकडे होता. मरीला मैदानाबाहेर उभे ठेवणे, हाच आर्मीचा खरा बचाव होता.

वेस्ट पॉइंटच्या, म्हणजे लष्करी अकादमीच्या, या संघाकडे धिप्पाड लाइनमन (पुढच्या फळीत समोरच्यांना अडवणारे खेळाडू) फारसे येत नाहीत, कारण पदवीनंतर लष्करी सेवा बंधनकारक असते आणि व्यावसायिक खेळाची स्वप्ने पाहणारा मुलगा सहसा दुसरीकडे जातो. मग ज्याला हलवता येणार नाही त्याच्याशी झुंजायचेच कशाला? ट्रिपल ऑप्शनमध्ये, म्हणजे चेंडू कोणी न्यायचा हे चाल सुरू झाल्यावर ठरवण्याच्या आर्मीच्या शैलीत, समोरच्या एका बलदंड खेळाडूला मुद्दामच कोणी अडवत नाही. क्वार्टरबॅक फक्त त्याची हालचाल पाहतो, तो फुलबॅकवर (मागून मधोमध धावत येणाऱ्या गड्यावर) झेपावला तर चेंडू स्वतःकडे ठेवतो, जागीच थांबला तर फुलबॅकच्या हाती देतो. म्हणजे तो गडी अंगाला हातही न लावता बाद होतो आणि त्याला अडवण्याचे काम ज्याच्याकडे असते, तो दुसऱ्या कोणाला अडवायला मोकळा राहतो. (हे कळायला मला दोन हंगाम लागले.)

बाकी सारे चिकाटीचे काम. एका खेपेस तीन यार्ड मिळाले तरी चालतात, कारण चौथ्या डाऊनलाही (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चारपैकी शेवटच्या प्रयत्नातही) किक न मारता पुढेच जायचे ठरलेले असते, आणि सामन्यातल्या एकूण चढाया जितक्या कमी होतील तितका दर्जातला फरक झाकला जातो. मात्र पिछाडी मोठी झाली की हीच संथ शैली गळ्याशी येते.

२०२२ मध्ये कमरेखालून अडवण्यावर, ज्याचा या शैलीत बराच वापर होतो, अधिक निर्बंध आले, तेव्हा आर्मीने पुढच्या वर्षी शॉटगनची (क्वार्टरबॅक काही यार्ड मागे उभा राहून चेंडू घेतो त्या रचनेची) वाट धरली. ती मानवली नाही, आणि २०२४ मध्ये जुन्या वळणावर परतलेल्या संघाने १२ सामने जिंकले. मला याचे मुळीच नवल वाटले नाही.

ओक्लाहोमाविरुद्ध निर्धारित वेळेत २१-२१ अशी बरोबरी झाली. ओव्हरटाइममध्ये सात गुणांनी मागे पडलेल्या आर्मीला चौथ्या डाऊनला पास फेकावा लागला, आणि तो ओक्लाहोमाच्या हाती पडला.