फरशीवर दोघी

आमच्या मुलुंडच्या घरात सध्या दोघीजणी पालथं पडायला शिकताहेत. एक माझी नात, साडेपाच महिन्यांची. दुसरी मी, एकसष्टची.

माझा उजवा खांदा आखडलाय. ३४ वर्षं बँकेचा काउंटर आणि तितकीच वर्षं लोकलची कडी. तो तरी काय करणार! मैत्रिणीनं फेल्डनक्राइसच्या वर्गाला नेलं. व्यायाम असा नाहीच. चटईवर पडायचं, मान जेमतेम दोन बोटं वळवायची, थांबायचं. पहिल्या दिवशी वाटलं, पैसे भरून झोपायला आलोय. मग बाईंनी विचारलं, "डोळे मिटून सांगा, कुठला खांदा फरशीला जास्त टेकलाय?" मला सांगताच येईना. स्वतःचा खांदा, आणि पत्ता नाही!

मोशे फेल्डनक्राइस मूळचे पदार्थविज्ञानातले, शिवाय पक्के ज्यूदोवाले. दुखावलेल्या गुडघ्यापायी स्वतःची प्रत्येक हालचाल तपासत बसले, त्यातून ही पद्धत निघाली. तिचे कितीतरी धडे तान्ह्या बाळांचेच आहेत: लोळणं, कुशीवर होणं, रांगणं.

मग घरी शिकवणी फुकट होतीच. गोधडीवर नातीच्या डाव्या बाजूला खुळखुळा ठेवला. आधी डोळे गेले. डोळ्यांमागून मान. मग उजवा पाय दुमडून वर आला, पलीकडे पडला, त्याच्या वजनानं कंबर वळली, आणि खांदा सगळ्यात शेवटी, कुणी हाक मारल्यासारखा मागून आला. मी जन्मभर खांदाच आधी फेकत आलेय. (डावा हात मात्र पोटाखाली अडकला आणि बाईसाहेबांनी भोकाड पसरलं. मी हात सोडवायला धावले. थोडं थांबायला हवं होतं.)

विहीणबाईंनी हौसेनं चाकांचा वॉकर आणलाय. कॅनडात २००४ पासून त्यावर बंदी आहे, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? सध्या त्यावर इस्त्रीचे कपडे असतात. माळ्यावरचा आमचा लाकडी पांगुळगाडा वेगळा. पोर आपल्या पायांवर उभं राहिल्याशिवाय तो जागचा हलत नाही. बुडापेस्टच्या डॉ. एमी पिकलर यांनी १९४६ मध्ये बालगृह सुरू केलं, तिथेही नियम असाच: बाळ आपणहून ज्या स्थितीत येत नाही, त्यात त्याला ठेवायचं नाही. उश्या लावून बसवणंसुद्धा नाही. हे वाचलं आणि अल्बम आठवला. मुलगा चार महिन्यांचा, चारी बाजूंनी लोड, मान कलंडलेली, आणि शेजारी मी, केवढी खूश.

आता रोज दुपारी मावशी भांडी घासून गेल्या की आम्ही दोघी फरशीवर. डोळे, मान, पाय, कंबर. काल खांदा आपसूक मागून आला, दुखला नाही. हात मात्र माझाही पोटाखालीच अडकला. ती टक लावून बघत होती, सोडवायला आली नाही.