गायस-लुसियस अपडेट: पळी सापडली, चांदी हरवली

माझ्या ऑगस्टसच्या (पहिला रोमन सम्राट) डेनारियसवर, म्हणजे गायस आणि लुसियस हे त्याचे नातू असलेल्या चांदीच्या नाण्यावर, दिसली एकदाची पळी!! मागच्या फोटोत दोघा पोरांच्या मधे वर नुसता काळा डाग होता आठवतंय ना, तोच. हायपोत (थर विरघळवणारं रसायन) पाच-पाच मिनिटं तीनदा, मधे डिस्टिल्ड वॉटर, मग बाभळीचा काटा (टूथपिक सुचवणाऱ्यांना नमस्कार, ओली झाली की भुगा), आणि परवा रात्री डावीकडे सिंपुलम (पूजेची पळी), उजवीकडे लिटुअसचं (पुरोहिताची वाकडी काठी) वळण. सिंपुलम म्हणजे डिट्टो आपली संध्येची पळी, मी एकटाच हसत बसलो. पळी गायसची कारण तो पोंटिफ (रोमन पुरोहित), वाकडी काठी लुसियसची कारण तो ऑगर (शकुन बघणारा पुरोहित). आजोबांनी नातवांना दत्तक घेतलं आणि त्यांची पुरोहितपदं पण नाण्यावर चढवली, धन्य तो ऑगस्टस. उलट्या क्रमाची व्हरायटी निघेल अशी आशा होती, ती गेली, असो.

खरं दुखणं पुढे. वजन 3.12 ग्रॅम. एवढे दिवस म्हणत होतो झिजलंय, पण झिजून झिजून किती झिजेल, चांगलं नाणं 3.7-3.8 भरतं. म्हणून दोऱ्याला बांधून पाण्यात लोंबकळवलं, वजनात घट आली 0.34 ग्रॅम, म्हणजे घनता 9.2 च्या आसपास. चांदी 10.5, तांबं 8.9. माझा वजनकाटा स्वस्तातला आहे, 0.01 इकडेतिकडे करतो, पण तसं धरूनही 9.5 च्या वर जाईना. चारदा केलं. मग लूप (भिंग) लावून कड फिरवली तर पोरांच्या मधल्या ढालीच्या खाली हिरवा ठिपका. मुलामा! आत तांबं. विकणाऱ्याने 'गुड सिल्व्हर' लिहिलं होतं, त्याला मेल केलाय, उत्तर नाही. हायपो आता बंद, त्या ठिपक्याजवळ तर बाभळीचा काटाही नेणार नाही.

परत करणार होतो, पण हे लिहिता लिहिता डोक्यात आलं की दक्षिण भारतातल्या साठ्यांमधे हा प्रकार आणि टायबेरियसचा (ऑगस्टसनंतरचा सम्राट) ढिगाने सापडतो, आणि इकडे त्यांच्या नकलाही पाडायचे. हे त्यातलंच असेल तर? अक्षरं कधी नीट वाचलीच नव्हती, सगळं लक्ष पळीवर. आत्ता बाजूने टॉर्च मारून बघतोय, पुढच्या बाजूच्या 'पातेर पात्रिए' (राष्ट्रपिता, ऑगस्टसची पदवी) मधला आर जरा विचित्र वाटतोय, पण तो झिजलेला पण असू शकतो. त्यामुळे एलागाबलसच्या (नंतरचा एक रोमन सम्राट) रथातल्या पवित्र दगडाचं डेनारियस या महिन्यात कॅन्सल, ते पैसे 0.001 वाल्या वजनकाट्याला. कोणाकडे नकलांचे अक्षरं दिसतील असे क्लोजअप असतील तर टाका, रिव्हर्सचे (मागची बाजू) नको, ऑब्व्हर्सचेच (पुढची बाजू).